पाजणी

रायझर या शब्दावरून आमचं भांडण
अकरा रात्री चाललं.

मी तंत्रनिकेतनात कार्यशाळा शिकवतो, राहतो उद्यमनगरात,
जिथं चहाच्या आधी लेथचा आवाज उठतो.
जेवणं झाली की विश्वकोशात ओतकामाचा लेख लिहीत बसायचो.
कुणी सांगितलं नव्हतं. पगार नव्हता.
बायको ताटं आवरत म्हणायची,
"कुणाचं पाणी भरालाय एवढं?"

समोर मेघमाला हावळ.
मी लिहायचो रायझर, ती खोडून लिहायची ऊर्ध्वपूरक.
मी म्हणायचो, हा शब्द शिरोलीत उच्चारला
तर भट्टीवरचा माणूस मागं वळून बघेल,
कुणाला हाक मारली म्हणून.
ती म्हणायची, रायझर तरी जन्मतः ओळखीचा होता का?
चौथ्या रात्री मी 'हट्ट' हा शब्द वापरला.
पाचव्या रात्री तिनं लिहिलं,
"इंग्रजी शब्दांनी मला पहिल्या वर्षाला दोनदा नापास केलंय, सर.
आता दार धरून मी उभी आहे."

त्यावर काय लिहायचं सुचेना.
मी सर आहे हे तिला कसं कळलं, तेही कळेना.

शनिवारी गाडी काढली.
अण्णाप्पा मगदूम, वय बासष्ट,
भुवया एकदा जळाल्या त्या परत न आलेल्या,
काळ्या वाळूत गुडघे टेकून साचा बंद करत होता.
ह्याला काय म्हणता? मी विचारलं.
"रायझर."
जिंकलो. वही मिटली.
तर तो वाळू थोपटत म्हणाला,
"आमचा म्हातारा पाजणी म्हणायचा.
कसं हाय, रस गार व्हाय लागला की आकसतोय,
अंगात खड्डं पडत्यात.
तवा ह्या भोकातला रस खाली उतरतोय, पाजतोय त्याला,
पोट भरस्तवर."
मग?
"मग काय, मुंडकं तोडायचं आन् परत भट्टीत."

त्या रात्री मी लेखात पाजणी लिहिलं
आणि बायकोला उठवून वाचून दाखवलं.
सकाळी शब्दाच्या शेपटाला बारीक अक्षरं: संदर्भ हवा.
लावणारी ती नव्हती, तिसराच कुणी, नियमाचा माणूस,
आणि त्याचं बरोबर होतं.
कुठलं पुस्तक, कितवं पान?
म्हातारा मगदूम अठ्ठ्याऐंशी साली गेला.
त्याच्या तोंडाला पृष्ठक्रमांक नव्हते.

मग मेघमाला आली. म्हटलं, आता तरी.
"सर, पाजणी आमची आहे.
इचलकरंजीत सुताला खळ पाजतात, तिचं हे नाव.
माझ्या वडिलांची बोटं त्या खळीनं कायम ताठ.
संदर्भ आहेत, तीन.
तुम्हाला हवाच असेल तर दोन पानं करावी लागतील,
एक विणकामाचं, एक ओतकामाचं."
खाली एक ओळ, बहुतेक मागाहून घातलेली:
"ऊर्ध्वपूरक मी कधी मोठ्यानं म्हणून बघितला नव्हता.
आज बघितला."

तिचं पान झालं. खळ, कांजी, ताणा, सगळं आलं त्यात,
एक फोटोसुद्धा, कुणाची तरी बोटं.
माझ्या पानाचं नुसतं नाव आहे, लाल अक्षरात,
लाल म्हणजे दार आहे, खोली बांधायची आहे.
लेखात तूर्त रायझर.
दोघांनाही नको असलेला, म्हणून टिकलेला.

काल परत शिरोलीला गेलो, फोनवर आवाज टिपायला.
म्हटलं, ते म्हाताऱ्याचं सांगा की पुन्हा एकदा.
"कुठलं ओ?"
तेवढ्यात घमेलं उतरलं, रस ओतायची वेळ झाली.
रात्री ऐकलं तर घरघर, घरघर,
आणि मध्येच अण्णाप्पा, अगदी स्वच्छ:
"सर, मागं सरका."